नुसतं नाव

गाडीखालून जयसिंगचे दोन पाय तेवढे बाहेर दिसत होते, आणि सारजाबाई त्या पायांकडं बघायलाच तयार नव्हती. गोठ्याच्या भिंतीला टेकून, तोंड दुसरीकडं करून ती बसली होती. ठोकळे नीट हायेत का, हे मात्र तिनं सकाळपासून चारदा विचारलं होतं.

"हत्ती बसवा वर, वैनी. हलायची न्हाई!" जयसिंग खालून म्हणाला.

खोटं नव्हतं ते. सांगाड्याखाली दोन्ही अंगांनी सागाचे जाड ठोकळे, पुढच्या चाकांना मागून-पुढून दगड, आणि जॅक आपला नावाला. खाली शिरायच्या आधी त्यानं खांदा लावून गाडी गदागदा हलवून बघितली होती. बसकी, दोन माणसांपुरती लाल विलायती गाडी. धरणाकडं बंगला बांधलेल्या साहेबाची. मागच्या चाकांच्या मधला लोखंडी गोळा घरघरत होता, तो उतरवायचा होता.

पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षी हाच गोळा उतरवायला, ह्याच अंगणात, ह्याच गाडीखाली जयसिंगचा थोरला भाऊ कुशाबा शिरला होता. नुसत्या जॅकवर. पाच मिनिटांचं काम हाय, म्हणाला होता. कुशाबा म्हणजे सारजाबाईचा नवरा.

गाडी परत दारात आली तेव्हा तिनं आकांत मांडला. पण जयसिंग हट्टाला पेटला. भावाचं राहिलेलं काम मीच पुरं करणार, म्हणाला. मग तिनं ठोकळे मागितले, दगड मागितले, आणि त्याची बायको जवळ बसायला मागितली. म्हणून चंद्राबाई, लग्नाला दोन महिने झालेली, त्या पायांपासून हातभर अंतरावर सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"चंद्रे, हाक मार त्याला," सारजाबाई एकदम म्हणाली.

"अवो!" चंद्राबाईनं हाक दिली.

"काय गं?" खालून आवाज आला. पान्याची खडखड काही थांबली नाही. सारजाबाईनं दोन्ही कानांवर हात दाबले.

"तशी नगं. नावानं मार."

"अगं बया! नाव?" चंद्राबाईनं पदर तोंडाला लावला. "मी न्हाई बाई!"

"लग्नात घेतलंस की."

"ते उखाण्यात." सारजाबाई हलेना, तशी ती लाजत, हळूच म्हणायला लागली, "आंबेमोहराच्या भाताला साजूक तुपाची धार..."

"तुझी धार संपस्तवर माणूस मरंल!"

सारजाबाई केवढ्यांदा ओरडली. चंद्राबाईच्या मांडीवरचं सूप कलंडलं. पोर घाबरली, आणि तिला थोडा रागही आला.

"नाव घेतलं की नवऱ्याचं आयुक्ष कमी होतंय म्हनत्यात, जाऊबाई. तुमी घेतलं व्हतं का कवा?"

"न्हाई," सारजाबाई म्हणाली. "मी न्हाई घेतलं."

गाडीखाली आता हातोडीचे ठोके सुरू झाले होते. सारजाबाई उठून चंद्राबाईजवळ येऊन बसली आणि हलक्या आवाजात बोलायला लागली.

"जॅक कलत व्हता. मी बघत व्हते. मी म्हनलं, अवो. तर आतनं म्हनले, काय गं? मी परत म्हनलं, अवो, अवो. तर हसले. च्या झाला का, म्हनले. अगं, अवो म्हंजी च्या झाला. अवो म्हंजी भाकर वाढली. दिसातनं शंभरदा अवो. अवोला कोन भायेर येतंय? नाव घेतलं असतं तर दचकून आलं असतं. बायकूनं नाव घेतलं, हिला येड लागलं का, म्हनून तरी आलं असतं. नाव तोंडात आलं व्हतं गं. जीभच उचलंना. अजून ऐकू येतंय मला. चुलीम्होरं, वढ्यावर, कुटंबी. काय गं? काय गं?"

चंद्राबाईला रडू फुटलं. सारजाबाईला नाही. तिनं जावेचा दंड घट्ट धरला.

"घे. नुसतं नाव. मोठ्यांदा घे."

चंद्राबाईनं डोळे मिटले. मुठी आवळल्या. आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"जयसिंग!"

हातोडी दगडावर पडल्याचा आवाज झाला. दोन्ही टाचा मातीत रुतल्या, आणि जयसिंग सपकन घसरत बाहेर आला. कपाळ कशाला तरी खरचटलेलं, तोंड तेलानं काळं. तो उभाही राहिला नाही. गुडघ्यांवरच वळून त्यानं आधी गाडीकडं बघितलं, मग बायकोकडं.

"काय झालं? आं? काय झालं?"

चंद्राबाईनं लाजेनं तोंड पदरात लपवलं होतं. सारजाबाई त्याच्याकडं बघतच नव्हती. ती बघत होती गाडीखाली, आत्ताच रिकाम्या झालेल्या जागेकडं.

"आला की गं," ती म्हणाली. "लगेच आला."