इंजिनावरची बिअर

मुलीकडून परतताना घरापासून लांब, तारिहा शहरात, माझी वॉरंटीतली गाडी बंद पडली. कंपनीच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि तो हसला. वायरिंगच्या जोडांत वाळलेली बिअर होती आणि तिच्यात रंगीत कागदाचे कपटे चिकटले होते. “डॉन सेवेरिनो, नव्या गाडीच्या पूजेला बिअर चाकांवर शिंपडतात. इंजिनाला कुणी पाजली?” “बायकोनं. म्हणाली, राबणार तर तेच.” “मग आता ढकलायला त्यांनाच बोलवा.” “तिला जाऊन परवा वर्ष होतंय, उस्ताद. चर्चमधल्या तिच्या वर्षाच्या मिस्सेसाठीच घरी निघालोय.” तो ओशाळला. मग हळूच म्हणाला, “साहेबांनी हे पाहिलं तर वॉरंटी गेली. नव्या वायरिंगचे पैसे आहेत?” नव्हते. “मग पुसून टाकतो,” म्हणत त्याने फडकं काढलं. ते कपटे तिने पूजेच्या दिवशी हसत मुठी भरभरून उधळले होते. “थांबा,” मी म्हणालो. “द्या ते फडकं इकडे. मीच पुसतो.”