कोमट

मावशीनं दोन्ही पाय गरम पाण्याच्या कुंडात सोडले आणि म्हणाली, "अहाहा! कसं कढत आहे बघ."

भाच्यानं काठावर बसून पाण्यात हात घातला. पाणी कोमट होतं. गेल्या वर्षी इथं पाय बुडवायचा धीर होत नसे. आता तान्ह्या बाळाला न्हाऊ घालता आलं असतं.

वर टेकडीवर, तो अभियंता होता ते वीजकेंद्र घुमत होतं. जमिनीतलं गरम पाणी वर ओढायचं, त्याच्या उष्णतेवर वीज करायची आणि निवलेलं पाणी परत जमिनीत सोडायचं. ते टेकडीपलीकडे सोडायचं ठरलं होतं. पण तिकडे खडक कठीण लागला, वरिष्ठांनी घाई केली, आणि त्यानं कुंडालगतच बोअर घेऊन 'चालेल' म्हणून सही ठोकली. वस्तीतल्या बायका कुरकुरल्या, तेव्हा मावशीच पुढे झाली होती. "माझ्या हाताखाली वाढलाय तो. कुंडाला धक्का लागणार नाही म्हणाला, म्हणजे नाही लागणार."

"गुडघे कसे आहेत?" त्यानं विचारलं.

"त्यांना काय धाड भरलीय!" सुजलेले गुडघे तिनं पदरानं झाकले.

शेजारची शिवणकाम करणारी बाई आखडलेली बोटं शेकायला आली. तिनं हात बुडवले आणि लगेच बाहेर काढले.

"साहेब, तुम्हीच सांगा. पाणी गार झालंय, की मला वेड लागलंय? तुमची मावशी रोज मला खुळ्यात काढते."

"अगं, वय झालं आपलं," मावशी घाईघाईनं म्हणाली. "रक्तच थंड पडलंय."

त्याला मावशीकडे बघवेना.

"गार झालंय," तो म्हणाला. "थंड पाणी लांब सोडायला हवं होतं. मी जवळ सोडलं. केंद्र बंद करायला सांगतो."

"मग तापेल पुन्हा?" शेजारणीनं विचारलं.

"सांगता येत नाही."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. "तुला माहीत होतं?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"मग मला इतके दिवस हिच्याशी खोटं का बोलू दिलंस रे?"

तिला उठवायला त्यानं हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही. पाय ओढत ती शेजारणीकडे सरकली. शेजारीण क्षणभर तशीच उभी राहिली, मग तिनं खांदा पुढे केला. तो खांदा धरून मावशी कण्हत पहिली पायरी चढली.