बंद गळा

ती कपडे शिवून द्यायची आणि स्वतःच्या प्रत्येक कपड्याला मात्र बंद गळा शिवायची, कारण तिच्या गळ्यावर थायरॉईडची लिंबाएवढी गाठ होती. तिच्या आईची नजर गेली होती आणि हल्ली आवाजावरूनही तिला कुणी ओळखू येत नसे. पण रोज संध्याकाळी लेक दुकान बंद करून आली, की आई तिच्या कॉलरच्या आत बोटं घालून चाचपायची आणि खेकसायची, "आलीस होय गं? अजून ही गाठ तशीच! माझ्या जिवाला घोर लावून ठेवलायस नुसता."

शेवटी आईच्या कटकटीपायीच ती दवाखान्यात गेली.

"गाठ साधी आहे," डॉक्टर म्हणाले. "चिरफाड नाही, टाका नाही. सुईनं आतल्या आत शेकून काढू, मग ती हळूहळू आक्रसत जाईल."

"टाका नाही म्हणजे आमच्या पोटावरच पाय की हो!" ती हसून म्हणाली.

गाठ खरंच महिन्यागणिक बारीक होत गेली. आईची बोटं मात्र गळ्यावर जास्त जास्त वेळ रेंगाळू लागली. आज तिनं कित्येक वर्षांनी स्वतःसाठी मोठ्या गळ्याचा कपडा शिवून घातला, आईजवळ बसली आणि तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवला. "बघ आई, गेली एकदाची!"

आईनं गळा पुन्हा पुन्हा चाचपला. मग हात काढून घेतला आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीनं म्हणाली,

 

"बाई, तेवढी माझ्या लेकीची नि माझी एकदा गाठ घालून द्या हो."