कुवाबारा आजोबांची सवलत

आमच्या ओसाकातल्या स्पर्धेत सगळ्यांत कमी अक्षरांत प्रोग्राम लिहील तो जिंकतो. नियम कडक: दिलेला आकडा प्रोग्रामनंच वाचायचा, आणि त्यात खर्ची पडलेली अक्षरंही मोजायची.

पहिल्या फेरीला सत्तरीचे कुवाबारा आजोबा प्रोग्राम लिहिता येणारा चाळीस वर्षं जुना कॅल्क्युलेटर घेऊन आले. "याच्या प्रोग्रामला आकडा वाचताच येत नाही हो. मी हातानं आधीच भरून ठेवला तर चालेल?"

परीक्षक मिसुमीबाई विरघळल्या. "तुमच्यापुरतं चालेल, आजोबा."

"छे छे, एकट्या म्हाताऱ्याला कशाला? हे यंत्र आणेल त्या प्रत्येकाला सूट द्या. नियम कसा, सगळ्यांना सारखा हवा."

बाईंचे डोळेच पाणावले. नियम लागलीच फळ्यावर चढला. आजोबा त्या फेरीत शेवटून पहिले आले आणि हसत घरी गेले.

दुसऱ्या फेरीला, आकडा वाचायची अक्षरं वाचवायला, आम्ही बाकीचे चौदाही जण तसलाच कॅल्क्युलेटर घेऊन हजर होतो. आजोबा मात्र आले नव्हते.

"बरं नाही का त्यांना?" बाईंनी काळजीनं विचारलं.

 

"ठणठणीत आहेत," मी म्हणालो. "ही यंत्रं अख्ख्या ओसाकात एकाच दुकानात मिळतात. गल्ल्यावर तेच बसलेत."