धनाजीने बसवलेली फरशी

धाकट्या लेकीचं, शेवंताचं लग्न झालं, त्या वर्षीच्या दिवाळीनंतर निवृत्ती गवंडी मेलेल्या लेकाची सामानाची पेटी आणायला दुबईला गेला. मान दुखेस्तोवर उंच इमारती आणि धुळीचा कण नसलेले रस्ते बघून त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एवढं चकचकीत शहर, आणि ते बांधता बांधता मेलेल्या पोराचं नाव कुठेच नाही!

मॉलच्या दारात त्याने वहाणा काढल्या. लेकाच्या खोलीत राहणारा खेडचा मुबीन कानाशी लागला, "काका, इथे वहाणा नाही काढत कोणी."

"माझ्या धनाजीने बसवलीय ही फरशी. पायताणाने तुडवू?"

तो खाली बसला आणि बोटांच्या पेरांनी एकेक फरशी वाजवत पुढे सरकू लागला. कच्ची बसवलेली फरशी पोकळ वाजते, हे पोराला त्यानेच शिकवलं होतं. रखवालदार धावत आला. "बाबा, उठो! लोग देख रहे हैं."

"बघू देत! एकसुद्धा पोकळ निघाली नाही. माझ्या पोराचं काम वाजवून घेतलंत, मग त्याला चढवलंत ती परांची हलवून का नाही बघितलीत?"

रखवालदाराला मराठी कळत नव्हती. मुबीनने मात्र आपले बूट काढून हातात घेतले.

धनाजी निवृत्ती गवंडी, वय सव्वीस, भिंतीला फरशी लावताना परांची मोडून बारा मे रोजी वारला. त्या दिवशी घरी शेवंताला हळद लागत होती. कंपनीने कळवलं पंधराला.