आरशातला उजवा हात

"डावा हात मागे घ्या, कोंडिबा. प्रसाद उजव्या हातावरच घेतात," गुरुजी म्हणाले.

कोंडिबाचा उजवा हात उसाच्या चरकानं कधीच खाल्ला होता. तरी नसलेली बोटं ठणकायची. मेंदूच्या डॉक्टरांनी नवा शोध म्हणून आरसा दिला. त्यात डावा हात उजव्यासारखा दिसे, मेंदू फसे आणि ठणका थांबे. पण स्वतःच्या घरच्या सत्यनारायणाला प्रसादाविना उठायचं, हे दुखणं त्याहून मोठं.

त्यानं आरसा आणून डाव्या हाताशेजारी उभा केला. "ह्यात बघा, गुरुजी. उजवाच हाय का न्हाई?"

"देवाला फसवता?" म्हणत गुरुजी प्रसाद हातात घेऊनच आरशात डोकावले आणि थबकले. आरशातले गुरुजी डाव्या हातानं प्रसाद देत होते.

"द्या लवकर," कोंडिबाची बायको हळूच म्हणाली, "अजून कुणी बघितलं न्हाई."