नाळेत असतं काय?

गजराबाईंच्या पायाची जखम चौदा महिने भरत नव्हती. रक्तातल्या साखरेमुळे पाय कापावा लागेल, असं सगळ्यांनी सांगून झालं होतं. शेवटचा प्रयत्न म्हणून डॉक्टर मुजावर नवा उपचार करून बघणार होत्या.

"आजी, या मूळ पेशी एका बाळाच्या नाळेतल्या आहेत. त्याच्या आईने नाळ दान केली."

गजराबाई ताडकन उठून बसल्या. चाळीस वर्षं गावात सुईणपण करताना त्यांनी शेकडो नाळा मातीत पुरल्या होत्या. "असं काय असतं ओ ताई नाळेत?"

"तुमच्या थकलेल्या कातडीला त्या पेशी जागं करतात."

"मग माझ्यातच राहतात?"

"नाही. काम झालं की नाहीशा होतात."

"म्हणजे सुईणच म्हणा की!" गजराबाई खुदकन हसल्या.

उपचारानंतर दहाव्या आठवड्यात जखमेवर गुलाबी कातडी धरली. गजराबाईंनी त्यावरून अलगद बोट फिरवलं.

"मुलगा होता की मुलगी?"

"ते आम्हालाही कळवत नाहीत, आजी."

गजराबाई चाकाची खुर्ची बाजूला सारून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

"बाळंतिणींचा वॉर्ड कुठल्या मजल्यावर?"

"दुसऱ्या. का हो?"

"पोरींशी बोलायचंय. नाळ कुणाच्या कामी येते, ते त्यांना कुठं ठाऊक असणार?"